चा नको, नेम हाय

चहाचा कप पुढं केला रे केला, की त्यांचा उजवा पंजा पालथा होऊन कपाच्या तोंडावर यायचा. डब्यावर झाकण ठेवावं तसा. वाफ तळहाताला लागायची, पण हात हलायचा नाही. आणि मग तेच बोल, वर्षानुवर्षं तेच: "चा नको, बाबू. नेम हाय."

मी तेव्हा जऊळक्याच्या ठेसनावर छोटा मास्तर होतो. छोटा म्हणजे तार करणं, तिकिटं देणं, झेंड्या दाखवणं आणि मोठ्या मास्तरांच्या शिव्या खाणं. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट आहे. रुळांपलीकडे कापसातली सरकी काढायचं एक लहानसं जिन होतं आणि हे तिथले मिस्त्री. मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे, अंगानं काडी, दाढी बारीक कातरलेली. रोज सकाळी रूळ ओलांडून यायचे आणि तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून विचारायचे, "बाबू, मालगाडी कवा हाय?"

मला वाटायचं, यांचं काही सामान यायचं असेल. मी वेळ सांगायचो. माझ्या स्टोव्हवर चहा उकळत असायचाच, म्हणून कप पुढं करायचो. की पंजा आलाच.

नेम म्हणजे मी आपला चातुर्मासात धरतात तो नेम समजलो. वाटलं, एखाद्या पिराला नवस बोलले असतील, तोवर चहा वर्ज्य. घरी बायकोला ऐकवलंसुद्धा, "पाह्य, मिस्त्रीनं वर्षभर चा सोडला, अन् तुले एक चतुर्थी निभत नाई." ती म्हणाली, "तुमी आधी तपकीर सोडा, मंग मले शिकवा." विषय तिथंच संपला. पण मनातल्या मनात मी त्या माणसाला हात जोडत राहिलो, आणि तेही भलत्याच कारणासाठी.

एका सकाळी तार आली, मालगाडी दोन तास उशिरा. म्हटलं, मिस्त्री वाट पाहत असतील, सांगून यावं. जिनाच्या मागं नाल्याच्या काठानं पडीक जमिनीची एक लांबट पट्टी होती. तिकडं वळलो आणि धाडकन बार झाला. मी होतो तिथंच मटकन खाली बसलो. खोटं कशाला सांगू, धोतर सावरायची शुद्ध राहिली नाही.

डोकं वर काढून पाहतो तर मिस्त्री. पुढं एक मेज. मेज म्हणजे कसलं, बाभळीचे चार खांब कमरेइतके जमिनीत गाडलेले, त्यांवर सागाची जाड फळी. फळीवर तागाच्या कापडाच्या, चाळलेल्या रेतीनं भरलेल्या दोन उश्या. आणि त्या उश्यांवर बंदूक चक्क निजवून ठेवलेली. बाजूला पितळेची वाटी, वाटीत पाणी.

"मिस्त्री, हे काय जी बावा! बंदूक खांद्याले लावून मारतेत. तुमी तं तिले गादीवर निजवलं!"

ते हसले नाहीत. त्यांना हसू फार कमी यायचं. म्हणाले, "खांदा हालते, बाबू. छाती हालते. मानूस म्हनलं की हालतेच. मानूस जितका कमी, नेम तितका खरा."

आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे तुमी चा नाई पेत, ते..."

"चा पेलं की नाडी उड्या मारते. नाडी उडाली की नळी उडते. नळी अथी केसभर हालली तं गोली तथी बोटभर सरकते." असं म्हणून त्यांनी मनगट पुढं केलं. "पाहा हात लावून." मी नाडीवर बोट ठेवलं. खरंच सांगतो, मला ती सापडायलाच वेळ लागला.

वाटीतलं पाणी मालगाडीसाठी होतं. गाडी मैलभर दूर असली तरी वाटीत बारीक लहर उठायची, आणि लहर उठली की हे बंदुकीवरचा हात काढून घ्यायचे. पाणी निवल्याशिवाय बार नाही. म्हणून रोज सकाळी माझ्या खिडकीवर फेरी.

शंभर पावलांवर लाकडी चौकट उभी होती. तिला पांढरा कागद, कागदावर मधोमध काजळाचा रुपयाएवढा टिपका. कागदामागं मातीनं भरलेलं खोकं. पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही एकाच भोकातून जायला हव्यात. टिपक्याच्या आसपास नव्हे, टिपक्यातसुद्धा नव्हे. एका भोकातून. बस, एवढंच त्या माणसाचं जन्माचं काम होतं.

"एका भोकात पाच गेल्या की तुमच्या हातचा चा," ते म्हणाले. "कप नाई, केटलीभर." म्हणजे नेमाचा नेम झालाच की नाही? मी बायकोला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं." तिला सगळं आधीच वाटलेलं असतं.

बंदूक ठासणीची, टोपीची, जुनी. मूळची कुणा साहेबाची, कुणाकडून कुणाकडं फिरत यांच्याकडं आली होती. पण तिच्या नळीला आतून आटे होते, वळत जाणाऱ्या खाचा. आपल्या भागातल्या साध्या बंदुकांना ते नसतात. आट्यांमुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि फिरत गेली की वाट सोडत नाही, एवढं मला त्यांनी शिकवलं. परवाना पीकराखणीचा. म्हणजे रोही, नीलगाय आली, रानडुक्कर आलं तर मारावं, शेत राखावं. यांनी आयुष्यात एक ससा मारला नव्हता.

गावात थट्टा व्हायची. पाटील एकदा ठेसनावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, आमी डुक्कर मारतो तं खातो. तुमी कागद मारून काय खाता?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "डुक्कर कोनीबी मारन, पाटील. डुक्कर केवढा मोठा असते!"

त्यांची तयारी पाहायला मी सुट्टीच्या तासाला जाऊन बसायचो. सोनाराकडचा जुना काटा त्यांनी मागून आणला होता आणि दारू गुंजांनी तोलायचे. गुंजासुद्धा अशातशा नाहीत. पसाभर गुंजांतून एकमेकींशी बरोबर उतरणाऱ्या अकरा निवडलेल्या. बंदुकीच्या दारूला आपण दारूच म्हणतो, त्यामुळं ते भर बाजारात सांगायचे, "माह्या घरी दारू तोलल्याबिगर कोनी हात लावत नाई," आणि नवखा माणूस दचकून त्यांच्या दाढीकडं पाहायचा. त्यांना यात विनोद दिसायचा नाही, हाच खरा विनोद.

गोळ्या घरीच ओतायच्या. प्रत्येक गोळी आरशावर घरंगळून पाहायची. जी वाकडी गेली, तिच्यात बुडबुडा आहे, टाक परत कढईत. सकाळभरात ओतलेल्यांतून संध्याकाळी सात-आठ उरायच्या. आणि गोळीभोवती गुंडाळायला चिंधी लागायची. ती नवी चालायची नाही. एक दिवस माझ्याकडं टक लावून पाहत राहिले. म्हटलं, काय झालं?

"बाबू, तुमचं धोतर लय धुतलं जाते."

"मंग?"

"असं मऊ सूत बाजारात भेटत नाई."

दिलं. काय करता! पुढं तीन वर्षं माझी जुनी धोतरं टिकल्या-टिकल्यांनी कातरून नाल्याच्या काठी उडत होती. बार झाला की मिस्त्री पुढं जाऊन ती जळकी चिंधी वेचून आणायचे, उजेडात धरायचे आणि ज्योतिषानं पत्रिका पाहावी तसं पाहायचे. कडा सारखी करपली असेल तर ठीक. नसेल तर, "हे बाजू घसरली." ते माझं धोतर आहे, हे त्यांच्या गावीही नसायचं.

वाऱ्यासाठी कापूस. मेजापासून चौकटीपर्यंत दर दहा पावलांवर एक तुराटी रोवलेली आणि तिच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेला कापसाचा पुंजका. सगळे पुंजके एका दिशेला झुकले की बार काढायचा. एखादा वेगळा डोलला, तर थांबायचं. अर्धा अर्धा तास थांबायचं. मी कंटाळून जायचो. एकदा सहज बोलून गेलो, "आजच्या वाऱ्याचा काही नेम नाई, मिस्त्री."

तेवढं एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "असं म्हनू नोका, बाबू. नेम असते. वाऱ्याचाबी असते. आपल्याले दिसत नाई, म्हनून नाई म्हनाचं काय?"

पाच बार झाले की कागद घेऊन ते सरळ माझ्याकडं यायचे. गावात दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नव्हती. खिडकीच्या उजेडाला कागद धरायचे. कधी तीन एकात आणि दोन बाजूला, कधी चार चिकटलेल्या आणि एक रुसलेली. "पाचवी नाराज झाली," म्हणायचे. मी तार करता करता "वा, वा" म्हणायचो. आता मनातलं सांगतो. मी वा वा म्हणायचो, पण हे कधी साधेल असं मला एक दिवसही वाटलं नाही. माणूस चांगला आहे, छंद निरुपद्रवी आहे, आपल्याला काय जातं, असं माझं होतं. हे मी त्यांना कधी बोललो नाही. बोललो असतो तर निदान त्या दिवशी त्यांनी मला कागदापाशी उभं केलं नसतं.

लढाई सुरू झाली आणि बंदुकांची विचारपूस सुरू झाली. तालुक्याला एक नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. त्यांनी हुकूम काढला की पीकराखणीची बंदूक ज्याला चालवता येते त्यानंच ठेवावी, बाकीच्यांनी सरकारात जमा करावी. मिस्त्रींच्या कागदांत तर इतक्या वर्षांत मारलेलं एक जनावर नाही. साहेबांनी निरोप धाडला की मी येतो, पाच बार माझ्यासमोर काढा, तीन कागदावर लागले तर बंदूक तुमची.

मिस्त्री निरोप घेऊन माझ्याकडं आले. मी म्हटलं, "तीन तं तुमी डोये मिटून माराल. कायची कायजी करता?"

"कायजी नाई," ते म्हणाले.  "बाबू, बंदूक गेली तं माह्याजवळ काय उरते?"

मी चहा ओतला. पंजा आला.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. मिस्त्री कागदामागचं खोकं रिकामं करत होते. जुनी माती काढली, नवी माती चाळणीनं चाळून चाळून भरली. मी म्हटलं, साहेब काय मातीची परीक्षा घ्यायला येऊन राह्यले काय? तर म्हणाले, "राहू द्या, कामात येते." शेजारी खुरपं ठेवलं होतं. मला त्याचा अर्थ लागला नाही. लागायला हवा होता. तीन वर्षं मी तिथं बसत होतो.

साहेब टांग्यातून आले. त्यांना पुढं धनजकडं जायचं होतं, घाई होती. प्रत्येक बार झाल्यावर शंभर पावलं चालत जाऊन कागद पाहायला वेळ नाही म्हणाले. कागदापाशी कुणाला तरी उभं करा. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. "हे बाबू हायेत. सरकारी मानूस हाय. हे सांगतीन."

माझ्याकडं ठेसनाच्या दोन झेंड्या होत्याच. ठरलं की बार काढायच्या वेळी मी चौकटीच्या बाजूच्या खड्ड्यात बसायचं. बार झाला की वर येऊन पाहायचं. कागदावर लागली तर हिरवी, हुकली तर लाल. निघताना मिस्त्री हळूच म्हणाले, "कागदाले हात लावू नोका, बाबू. फक्त पाहा."

पहिला बार झाला. वर आलो. टिपक्याच्या मधोमध भोक. मी हिरवी झेंडी अशी फडकावली की मालगाडीला कधी फडकावली नसेल.

दुसरा बार. वर आलो. भोक एकच.

मी कागद वरून खाली पाहिला, कोपरे पाहिले. नवीन भोक कुठंच नव्हतं.  हुकली! साहेबांसमोर हुकली. पलीकडे मेजापाशी साहेब उभे दिसत होते आणि त्यांच्या बाजूला मिस्त्री, वाटीतल्या पाण्याकडं बघत. माझ्या कानावर एकच वाक्य येत होतं, बंदूक गेली तं माह्याजवळ काय उरते.

माझ्या खिशात लाल-निळी पेन्सिल होती, तारेच्या कागदांवर खुणा करायची, बोटाएवढी जाड. पाठ साहेबांकडं होतीच. निळं टोक टिपक्याच्या जरा वर टेकवलं आणि दाबलं. कागद टच्‌ वाजला. पेन्सिल गोल फिरवून भोक मोठं केलं. आणि हिरवी दाखवली.

तिसरा बार. पुन्हा तेच एक भोक. जरा मोठं वाटलं, पण म्हटलं, वाऱ्यानं कड फाटली असेल. पुन्हा पेन्सिल, पुन्हा हिरवी. आता तीन झाली होती, काम भागलं होतं. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी माया अशी उतू आली की चौथ्यालाही भोक, पाचव्यालाही भोक. पैकीच्या पैकी! म्हटलं, मिस्त्री, आज तुमची लाज मी राखली.

तुम्ही म्हणाल, इतका कसा हा माणूस बथ्थड? एकाच भोकातून जात असतील हे याच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. तीन वर्षं तेच एक ऐकत होतो आणि ते प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मला चुकलेल्या गोळ्या दिसल्या. कारण एकच. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. माया होती, विश्वास नव्हता.

साहेब आणि मिस्त्री चालत आले. साहेबांनी बोटानं मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच. वा, मिस्त्री! तळहाताएवढ्या जागेत पाचही. रोही मरेल की हो." खूश झाले. तिथंच परवान्यावर सही केली. कागद चौकटीवरून सोडवून गुंडाळी केली, पुरावा म्हणून फायलीला लावायला.

गुंडाळी होण्याआधी मिस्त्रींनी कागदावरून बोट फिरवलं. मधल्या भोकाच्या कडेला शिशाचं करडं कडं होतं. बाकी चारांच्या कडा निळ्या. त्यांनी बोटाला लागलेला निळा रंग पाहिला. मग माझ्या खिशातून डोकावणारी पेन्सिल पाहिली. मग खाली पाहिलं.

"काही बोलायचं आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाई, साहेब."

बोलले असते तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. सरकारी माणसानं सरकारी कामात खोटी खूण केली होती. हे त्यांना कळलं, मला कळायच्या आधी.

टांगा गेल्यावर त्यांनी खुरपं उचललं. खोक्यातली माती हळूहळू बाजूला केली, अंड्याभोवतालची करावी तशी. हातभर खोल गेल्यावर शिशाचा एक गोळा निघाला. गोळ्या एकीवर एक बसून चिकटल्या होत्या, शेंगेतल्या दाण्यांसारख्या मोजता येत होत्या. बाकी सगळी माती त्यांनी चाळणीतून काढली. दुसरं काही निघालं नाही.

"पाच," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मिस्त्री, मी... मले वाटलं..."

"साहेब म्हनला असता, एक लागली, चार हुकल्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मंग म्या म्हनलं असतं, साहेब, जरा थांबा, माती उकरा." एवढंच. मग तो गोळा चिंधीत बांधला, खिशात टाकला आणि मलाच म्हणाले, "चाला, बाबू. तुमची गाडी येईन."

ती चिंधीही माझ्याच धोतराची होती.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. खिडकीत तोंड घातलं. "बाबू, चा हाय काय?"

 कप पुढं केला. पंजा आला नाही. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून सगळा चहा प्यायला. "नेम पुरा झाला, बाबू," म्हणाले. "तुमाले कबूल केलं होतं. साखर जरा कमी टाकत जा."

काय सांगू, माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. रागावले नाहीत, आपलं म्हणाले, चहा प्याले! त्या दिवसापासून रोज सकाळी माझा स्टोव्ह त्यांच्यासाठी पेटायचा. कमी साखर, आलं ठेचून. ते यायचे, बाकावर बसायचे, बशी भरून प्यायचे, जिनात जायचे. नाल्याकडून आता बार ऐकू येत नव्हता. मी समजलो, माणूस तृप्त झाला. चार वर्षं हे चाललं. मला कामाची सवय अशी की रजा हा शब्द मला माहीत नव्हता. माझ्या बदलीच्या वेळी मोठ्या मास्तरांनी तेवढंच एक चांगलं लिहिलं, की या माणसानं शेवटच्या चार वर्षांत मोजून नऊ दिवस रजा घेतली. त्याचा मला फार अभिमान होता.

बदली दूर झाली. पत्र लिहायचं राहत गेलं. दोनेक वर्षांनी त्याच मार्गानं जात होतो, तेव्हा मुद्दाम जऊळक्याला उतरलो. जिनाला कुलूप होतं, म्हणून मिस्त्रींची चौकशी केली. थंडीत गेले, असं पोर्टर म्हणाला.

घरी चाची होत्या, त्यांच्या पत्नी. त्यांनी ओळखलं. बाज टाकली आणि चूल पेटवायला बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मिस्त्रीले शेवटी शेवटी चा लय आवडे. आल्याचा."

चाचींनी मान वर केली. "कोनाले? घरी तं मरेपर्यंत थेंब नाई घेतला."

"अवो, रोज माह्याकडं पेत होते. चार वर्षं!"

"तुमच्याकडं पेत. म्या म्हनलं, नका जाऊ ना मंग ठेसनावर. तं म्हनत, नाई गेलो तं बाबूले वाटन, मिस्त्रीनं राग धरला. लय जीव लावते तो मानूस." त्यांनी चुलीत फुंकर घातली. "अन् चा पेला की त्या दिवशी बंदुकीले हात नाई लावत. म्हनत, आज नाडीचा भरोसा नाई."

"म्हणजे बंदूक चालवत होते?"

"नाई तं काय! म्हनत, एकदा झालं, पन कोनी पाह्यलं नाई. कोनी पाह्यलं नाई तं झालं कसं म्हनाचं? पुन्हा एकदा झालं पाह्यजे. बाबूले कागद दाखवाचा हाय." चाची सहज, काही मनात न ठेवता सांगत होत्या. "तुमी रजेवर गेले की पहाटेच बंदूक घेऊन निंगत. वाटच पाहत तुमच्या रजेची."

नऊ दिवस. चार वर्षांत मी त्यांना नऊ दिवस दिले.

"झालं का मंग पुन्हा?" मी विचारलं.

"चार झाल्या होत्या एकदा. पाचवी नाराज झाली म्हने."

चाचींनी कप माझ्यापुढं ठेवला. काळा, दाट चहा, घरात दूध नसावं.  माझा पंजा कपाकडं गेलासुद्धा. पण नको म्हटलं असतं, तर दूध नाही म्हणून बाबूनं चहा सोडला, असं त्या माउलीला वाटलं असतं. म्हणून मी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि सगळा प्यालो.